कडक बीअरचे यीस्ट कुठे थकते?

पाच टक्क्यांची साधी एल दोन-तीनदा नीट जमली की घरी बीअर करणाऱ्याचे मन बार्लीवाइनकडे, इंपीरियल स्टाउटकडे, बेल्जियन क्वाड्रुपेलकडे ओढ घेते. हिशेब सोपा वाटतो: माल्ट दुप्पट घ्यायचा, बाकी सारे तेच. माल्ट गरम पाण्यात भिजवून काढलेला गोड रस, म्हणजे वर्ट, १.१०० ग्रॅव्हिटीचे (पाण्याच्या तुलनेत तेवढ्या घनतेचे) निघते. दुसऱ्या दिवशी फेस चढतो, एअरलॉक धडधडू लागतो, आणि आठवडा संपेपर्यंत सारे थंडावते. हायड्रोमीटर आता १.०२४ च्या आसपास तरंगायला हवा. तो १.०४५ वर अडकलेला असतो. पहिल्या आकड्याला साधारण १० टक्के अल्कोहोलची, खजूर-मनुकांची आठवण देणारी, तरीही घोट गिळल्यावर कोरडी वाटणारी बीअर मिळाली असती. दुसऱ्याला मिळते ७ टक्क्यांचे गोड, चिकट, जिभेवर बसून राहणारे पेय. दोन्हींत माल्ट तेवढाच गेला आणि गॅसही तेवढाच जळला.

यीस्ट मध्येच का थांबते, हा कडक बीअरमधला मूळ प्रश्न आहे. त्याला आजवर निरनिराळी उत्तरे दिली गेली: लाकडी पिंपात मुरवणे, दणकट जातीचे यीस्ट आणणे, साखर हप्त्याहप्त्याने घालणे, प्राणवायू देणे. ती सारी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली की माझे मत असे बनते: पाकिटावर छापलेल्या 'अल्कोहोल सहनशक्ती'ला घरगुती ब्रुअर वाजवीपेक्षा जास्त मान देतात. वर्टमध्ये पडताना यीस्ट किती आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, याचा विचार मात्र फार कमी होतो. कडक बीअरचा निकाल बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत लागतो. तो आपल्याला दिसतो तिसऱ्या आठवड्यात.

आधी 'कडक' म्हणजे किती ते ठरवून घेऊ. आपल्याकडे दुकानात 'स्ट्राँग' म्हणून मिळणारी बीअर ५ ते ८ टक्क्यांच्या पट्ट्यातली असते. इथे बोलायचे आहे ते त्याच्या पुढचे, साधारण ८ ते १२ टक्क्यांचे, म्हणजे १.०७५ ते १.११० ग्रॅव्हिटीच्या वर्टबद्दल. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर आंबवणे हा १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये घरगुती ब्रुअरला लागणारा परवाना १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. अमेरिकेत ऑक्टोबर १९७८ मध्ये जिमी कार्टर यांच्या सहीने घरगुती बीअरला केंद्रीय कायद्याची मोकळीक मिळाली. हा छंद मुळात त्या दोन देशांत वाढला, त्याचे बहुतेक वाङ्मयही तिथलेच आहे. न्यू जर्सीच्या किंवा लंडनच्या उपनगरात राहणारा मराठी माणूस तो राजरोस करू शकतो. पुणे-मुंबईच्या वाचकाला हे ज्ञान परवानाधारक मायक्रोब्रुअरीत पुढ्यात आलेला प्याला समजून घ्यायला उपयोगी पडेल.

सगळ्यांत जुने उत्तर इंग्लंडचे. तिथल्या स्टॉक एल, म्हणजे साठवणीच्या कडक बीअर, लाकडी पिंपांत वर्षवर्ष पडून असत. पहिल्या जोरदार आंबवणीनंतर त्या हळूहळू कोरड्या होत जात आणि त्यांना एक खास जुना वास चढे. हे नेमके कोण करते, ते कळायला कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गची प्रयोगशाळा लागली. तिथे एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले. त्या शुद्ध यीस्टने लागर सुधारली, पण इंग्लिश कडक बीअर मात्र त्याने पुरती उतरेना आणि तिची चवही येईना. त्याच परंपरेतले नील्स क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ ब्रूइंगपुढे कारण मांडले: पिंपात दुसरीच एक बुरशी काम करत होती. तिला त्यांनी ब्रेटॅनोमायसिस, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या साखरा ती महिनोन्‌महिने खात राहते. म्हणजे जुन्या इंग्लंडने कडक बीअर संपवण्याचे काम मुळी पहिल्या यीस्टवर सोपवलेलेच नव्हते. घरी आजही हा मार्ग खुला आहे, पण त्याला वर्षाची सवड लागते, वेगळी नळी-बादली लागते, आणि हाती येते ती चामड्याच्या, तबेल्याच्या वासाची वेगळीच बीअर. स्वच्छ चवीची बार्लीवाइन हवी असणाऱ्याला हे उत्तर कामाचे नाही.

दुसरे उत्तर घरगुती ब्रुअरच्या जगात फार लोकप्रिय झाले, आणि त्यानेच सर्वांत जास्त नुकसान केले आहे असे मला वाटते. बीअरच्या यीस्टला अल्कोहोल सोसत नाही, तेव्हा शॅम्पेनचे यीस्ट घाला, ते १८ टक्क्यांपर्यंत जाते, असा हा सल्ला. ऐकायला बिनतोड. पण द्राक्षाच्या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते, तर वर्टमध्ये मुख्यतः माल्टोज आणि त्याच्या खालोखाल माल्टोट्रायोज. तीन ग्लुकोज जोडून बनलेले हे माल्टोट्रायोज वाइनच्या बहुतेक यीस्टांना पेशीच्या आत ओढून घेता येत नाही. अडकलेल्या बीअरमध्ये उरलेली साखर नेमकी हीच असण्याचा संभव मोठा. तेव्हा १८ टक्के सोसणारे यीस्ट येते आणि समोरचे अन्न खाता येत नसल्याने तळाशी जाऊन बसते.

या समजुतीच्या मुळावर घाव घालणारे संशोधन १९८४ सालचे आहे. मोठ्या ब्रुअरीज तेव्हा वर्ट दाट करून आंबवायच्या आणि शेवटी पाणी घालून नेहमीच्या बीअरवर आणायच्या. टाक्या त्याच, बीअर जास्त. पण विरघळलेला अंश १६ ते १८ टक्क्यांच्या पुढे गेला की आंबवण रखडायची, आणि बीअरचे यीस्ट ७ ते ९ टक्केच अल्कोहोल सोसते असे कारण सांगितले जायचे. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात केसी, मॅग्नस आणि इंगलडू यांनी वर्टमध्ये नायट्रोजनचे पोषण, अर्गोस्टेरॉल आणि ओलेइक आम्ल घातले. मग ३१ टक्के अंशापर्यंतची वर्ट आंबवून त्यांनी त्याच बीअरच्या यीस्टकडून १६.२ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल काढून दाखवले. यीस्ट जिवंत राहिले, पुन्हा पुन्हा वापरताही आले. त्यांचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो: बाहेरून दिलेल्या पोषणाने यीस्टची सहनशक्ती वाढली नव्हती, नव्या पेशी निर्माण होण्याचा काळ लांबला होता. झपाट्याने साखर खाणाऱ्या तरुण पेशी जास्त दिवस मिळत राहिल्या. बीअरचे यीस्ट या बाबतीत साकेच्या यीस्टहून कमी नसावे, असेही त्यांनी सुचवले. पाकिटावर '९ टक्के' वाचून हात आखडता घेणाऱ्या प्रत्येक ब्रुअरने हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा.

आता या तीन पदार्थांत असे काय आहे ते पाहू, कारण बाकीचे सारे शहाणपण इथूनच निघते. यीस्टच्या पेशीभोवतीचे आवरण लवचीक आणि धड असेल तरच साखर आत येते आणि अल्कोहोल बाहेर जातो. अल्कोहोलचा मारा सर्वांत आधी त्याच आवरणावर होतो. आवरण धड ठेवणारे दोन घटक म्हणजे अर्गोस्टेरॉलसारखी स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ले, आणि हे दोन्ही बनवायला पेशीला प्राणवायू लागतो. आन्द्रेआसन आणि स्टायर यांनी १९५३-५४ मध्येच दाखवले होते की हवा पूर्ण तोडली तर यीस्टला वाढण्यासाठी हे पदार्थ बाहेरून पुरवावे लागतात. आंबवणीला हवा नको असे आपण ऐकलेले असते. ते खरेही आहे, पण अल्कोहोल करण्यापुरते. पेशी वाढण्यासाठी सुरुवातीचा प्राणवायू हवाच. तो काही तासांत संपतो. त्यानंतर प्रत्येक पेशी दुभागताना आईजवळची स्टेरॉलची पुंजी दोघींत वाटली जाते. तीन-चार पिढ्यांत पुंजी इतकी पातळ होते की वाढ थांबते, आणि उरलेल्या पेशींना चढत्या अल्कोहोलपुढे तग धरता येत नाही.

साध्या बीअरमध्ये ही पुंजी पुरते, कारण काम थोडे असते. कडक बीअरमध्ये तीच पुंजी दुप्पट कामाला लावायची असते, आणि नेमकी तिथेच हवा कमी पडते. साध्या वर्टमध्ये हवेतून कितीही प्राणवायू घोळवला तरी ८ पीपीएमच्या आसपास मर्यादा येते. वर्ट जितके दाट, तितका तो कमी विरघळतो. बादली हलवून, चाळणीतून ओतून १.१०० च्या वर्टला पुरेसा प्राणवायू देता येत नाही. म्हणून बारीक छिद्रांच्या स्टीलच्या खड्यातून सिलिंडरमधला शुद्ध प्राणवायू सोडतात. मिनिटाला १ लिटर वेगाने मिनिटभर सोडला तर २० लिटरला ९ पीपीएमच्या आसपास मिळतो. कडक वर्टला त्याहून थोडा जास्त वेळ द्यावा. ख्रिस व्हाइट आणि जमील झैनाशेफ यांचे २०१० चे 'यीस्ट' हे पुस्तक १.०९२ च्या वरच्या वर्टला आणखी एक मात्रा सांगते: यीस्ट टाकल्यावर १२ ते १८ तासांनी, म्हणजे पेशी एकदा दुभागून झाल्या असतील तेव्हा. ही दुसरी मात्रा हा घरगुती ब्रुअरला मिळालेला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित सल्ला आहे, असे मी म्हणेन. वेळ मात्र चुकवू नये. दिवस उलटून गेल्यावर दिलेला प्राणवायू यीस्टऐवजी बीअरला लागतो आणि ओल्या पुठ्ठ्याची चव ठेवून जातो.

कोरड्या यीस्टचे थोडे वेगळे आहे. कारखान्यात ते भरपूर हवेवर वाढवलेले असते, स्टेरॉलची शिदोरी घेऊनच येते, त्यामुळे उत्पादक पहिल्या वापराला हवेची सक्ती करत नाहीत. सिलिंडर विकत घेणे जमत नसेल त्याच्यासाठी भरपूर कोरडे यीस्ट हाच शहाणा मार्ग. ऑलिव्ह तेलाचे मात्र मनावर घेऊ नये. अमेरिकेतल्या न्यू बेल्जियम ब्रुअरीत ग्रेडी हल यांनी प्राणवायूऐवजी ऑलिव्ह तेल देऊन पाहिले होते आणि त्या प्रयोगाचा मोठा बोलबाला झाला. तेलातून ओलेइक आम्ल मिळते, अर्गोस्टेरॉल नाही. शिवाय २० लिटरला लागणारे प्रमाण एका थेंबाहूनही कमी. घरी ते मोजणार कसे?

पोषणाचा भाग थोडक्यात. पूर्ण माल्टच्या वर्टमध्ये नायट्रोजन सहसा पुरेसा असतो, उणीव भासते ती जस्ताची. उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत बाजारचे यीस्ट-पोषण किंवा चमचाभर पावाचे यीस्ट घालावे. उकळून मेलेल्या पेशी नव्या पेशींना खाद्य होतात. फुकटात जमणारी गोष्ट आहे, टाळण्यात अर्थ नाही.

मग प्रश्न येतो किती यीस्ट टाकायचे याचा. ब्रुअरीतला प्रचलित ठोकताळा असा: एलसाठी वर्टच्या दर मिलिलिटरला, दर प्लेटो अंशाला (म्हणजे विरघळलेल्या अंशाच्या दर टक्क्याला) साडेसात लाख पेशी, लागरसाठी त्याच्या दुप्पट. १.१०० म्हणजे सुमारे २४ प्लेटो. २० लिटरला हिशेब येतो ३६० अब्ज पेशी, आणि कडक एलसाठी दहा लाखांचा दर धरला तर ४८०. द्रव यीस्टच्या ताज्या पाकिटात असतात साधारण १०० अब्ज, त्याही महिन्यागणिक घटणाऱ्या. एकच पाकीट फोडून बार्लीवाइन करणारा माणूस यीस्टला पहिल्याच दिवशी चौपट ओझे देतो. शिवाय दाट साखरेत पडताच पेशीतले पाणी बाहेर खेचले जाते. ते रोखण्यासाठी पेशी ग्लिसरॉल बनवत बसते, त्यात बळ जाते, आणि काही पेशी तिथेच मरतात. म्हणूनच कडक वर्टसाठी कोरडे यीस्ट थेट भुरभुरण्यापेक्षा आधी कोमट पाण्यात भिजवून घेणे मला बरे वाटते, जरी हल्ली काही उत्पादक थेट टाकायलाही हरकत नाही म्हणतात. ११.५ ग्रॅमची दोन-तीन पाकिटे या मापाच्या बीअरला जास्त नव्हेत.

द्रव यीस्ट वापरणारे स्टार्टर करतात: लिटरमागे १०० ग्रॅम सुका माल्ट अर्क, उकळून गार केलेला, त्यात यीस्ट, आणि खाली चुंबकाने फिरणारी पट्टी. ३६० अब्जांसाठी तीन लिटरच्या आसपास स्टार्टर लागतो. स्टार्टरचे वर्ट १.०४० च्या पुढे नेऊ नये. पुढे दाट वर्टच आहे म्हणून यीस्टला सवय व्हावी, असे काही जण म्हणतात, पण इथे पेशी वाढवायच्या असतात, त्यांना आधीच दमवायचे नसते. दह्याला ताजे विरजण लागते, आंबून पाणी सुटलेले चालत नाही, तसेच हे.

याहून चांगला, स्वस्त आणि जुन्या ब्रुअरीच्या वळणाचा उपाय म्हणजे आधी एक हलकी बीअर करणे. १.०४० ची साधी बिटर लावावी, हवा नीट द्यावी, दहा-बारा दिवसांत ती बाटलीत भरावी, आणि तळाशी उरलेला यीस्टचा साका त्याच दिवशी कडक वर्टला द्यावा. त्या साक्यात हवे त्याहून जास्त तरुण, धडधाकट पेशी असतात. सगळा साका ओतू नये, तिसरा हिस्सा ते अर्धा पुरतो. अतोनात यीस्ट पडले तर नव्या पेशींची वाढच होत नाही आणि चव पोकळ राहते. लंडनच्या फुलर्स ब्रुअरीने एकाच मॅशचे, म्हणजे माल्टच्या एकाच भिजवणीचे, दाट आणि पातळ रस वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून हलक्या-कडक बीअर एकाच कुटुंबातल्यासारख्या काढल्या. त्यांची पद्धत वेगळी, पण हलकी आणि कडक बीअर ही जोडगोळी आहे हा विचार तोच. घरगुती ब्रुअरने ही जोडगोळी यीस्टच्या बाजूने लावून घ्यावी. उलटा क्रम कधीच नको. कडक बीअरच्या तळाचे यीस्ट अल्कोहोलने पोळलेले असते. ते पुढच्या बीअरला देणे म्हणजे दुखणे पुढे सरकवणे.

साखरेच्या बाबतीत बेल्जियमकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. वेस्टमालेच्या मठातली ट्रिपेल १९३४ पासूनची, ९.५ टक्क्यांची. इतकी कडक असूनही ती जड लागत नाही, कारण तिचा काही भाग माल्टचा नसून साखरेचा आहे. साखर पूर्ण आंबते, मागे काही उरत नाही. २० लिटर वर्टमध्ये किलोभर साखर घातली की ग्रॅव्हिटी सुमारे १९ अंकांनी चढते आणि बीअर हलकी राहते. गूळ घातला तरी यीस्टच्या लेखी तो बहुतांशी सुक्रोजच, फक्त वास आणि रंग सोबत आणतो. पण साखर कधी घालायची यात खरी मेख आहे. समोर साखरेतून सुटलेले ग्लुकोज मुबलक असेल तर यीस्ट माल्टोज पचवणारी यंत्रणा बंद ठेवते. सोपे अन्न संपते तोवर अल्कोहोल चढलेला असतो, आणि मग ती यंत्रणा नव्याने उभी करण्याइतके बळ उरत नाही. म्हणून साखर उकळीत घालण्याऐवजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी, माल्टोजचा मोठा घास घेऊन झाल्यावर, थोड्या पाण्यात उकळून गार करून द्यावी. जास्त असेल तर दोन हप्त्यांत. अमेरिकेतली डॉगफिश हेड ब्रुअरी आपली १५ टक्क्यांच्या वरची आयपीए अशीच रोज थोडी ग्लुकोज साखर घालत वाढवते. जपानी साके तर या तत्त्वाचे शिखर आहे. तिथे भात तीन हप्त्यांत घालतात, कोजी बुरशी त्याची साखर सावकाश सुटी करत राहते, यीस्टसमोर एकदम डोंगर कधीच येत नाही, आणि आंबवण २० टक्क्यांच्या जवळ पोचते. साकेच्या यीस्टचे जे कौतुक होते त्यातला मोठा वाटा या वाढण्याच्या रीतीचा आहे.

एक सावधगिरी: साखरेबरोबर नायट्रोजन येत नाही. साखरेचा वाटा पाचव्या हिश्शाच्या पुढे गेला तर पोषणाची मात्रा वाढवावी लागते.

तापमानाकडे येऊ. यीस्ट साखर आंबवते तेव्हा उष्णता बाहेर पडते. १.१०० च्या वर्टची सारी उष्णता आत कोंडून ठेवता आली तर तापमान वीस-पंचवीस अंशांनी चढेल, असा साधा गणिती हिशेब आहे. घरच्या २० लिटरच्या भांड्यातून बरीच उष्णता निसटते, तरी आतले तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंश वर सहज जाते, आणि तेही नेमके पहिल्या तीन दिवसांत. त्याच दिवसांत पेशी वाढत असतात, आणि वाढीच्या वेळी तापमान चढले की जड अल्कोहोले तयार होतात. थिनरसारखा वास आणि घशाला चटका ही त्यांची ओळख. ती पुढे कितीही मुरवली तरी जात नाहीत. म्हणून इंग्लिश-अमेरिकन यीस्ट १७-१८ अंशांवर टाकावे, पहिले तीन-चार दिवस तिथेच धरावे, आणि जोर ओसरू लागला की हळूहळू २१-२२ पर्यंत चढू द्यावे. बहुतेक नवखे नेमके उलट करतात. सुरुवातीला उबदार खोली, शेवटी थंड कोपरा. थकत चाललेल्या यीस्टला शेवटी ऊब हवी असते. तापमान मोजायचे ते खोलीचे नव्हे, भांड्याचे. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून गोठवलेल्या बाटल्या आलटून पालटून सोडणे हा बिनखर्चाचा उपाय पहिल्या आठवड्यापुरता पुरतो. भांड्यात पाव हिस्सा तरी जागा रिकामी ठेवावी आणि एअरलॉकऐवजी जाड नळी लावावी. एवढ्या यीस्टचा फेस छत गाठतो.

बेल्जियन ब्रुअर हा नियम मोडताना दिसतात, आणि त्यांची नक्कल करताना लोक फसतात. ड्युवेलचे यीस्ट मूळचे स्कॉटलंडचे. ती बीअर गारव्यातच लावली जाते आणि मग काही दिवसांत २६-२८ अंशांपर्यंत चढू दिली जाते. फळांचा आणि लवंगेचा वास तिथे हवाच असतो. पण सुरुवात गारच असते, हे नक्कल करणारे विसरतात.

नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या खोऱ्यांतल्या शेतकऱ्यांचे यीस्ट, क्वाइक, हा खरा अपवाद. लार्स मारियुस गार्शोल यांनी या परंपरेचा शोध घेऊन ती जगापुढे आणली. २०१८ साली 'फ्रंटियर्स इन मायक्रोबायोलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या यीस्टांची उष्णता आणि अल्कोहोल दोन्ही सोसण्याची ताकद तपासून दाखवली. व्हॉसचे क्वाइक ३५-४० अंशांवर आंबवते आणि तरीही जड अल्कोहोलांचा चटका देत नाही, वर संत्र्याच्या सालीचा वास देते. दुबई-सिंगापूरसारख्या उष्ण हवेत, जिथे नियम परवानगी देत असेल तिथे, कडक बीअर करणाऱ्याला याहून सोयीचे यीस्ट मला ठाऊक नाही. त्यालाही पोषण मात्र भरपूर लागते. दणकट आहे म्हणून उपाशी ठेवले तर तेही रखडते.

इतके सगळे करूनही हायड्रोमीटर वर अडकला तर? आधी विचारायचे, बीअर अडकली आहे की संपली आहे? मॅश ६९ अंशांवर झाला असेल, गडद माल्ट भरपूर असेल, तर १.०३० हाच तिचा नैसर्गिक शेवट असू शकतो. याचा निवाडा करायला एक साधी चाचणी आहे आणि ती प्रत्येक कडक बीअरला करावी, असा माझा आग्रह आहे. बीअर लावायच्या दिवशीच पाव लिटर वर्ट वेगळे काढावे, त्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त यीस्ट घालावे, २५-२७ अंशांच्या उबेत ठेवून अधूनमधून हलवावे. तीन-चार दिवसांत ते खाली जाईल तितके जाईल. तो आकडा म्हणजे त्या वर्टची तळरेषा. मोठ्या भांड्यातली बीअर त्याच्या आसपास पोचली असेल तर तिला वाचवायचे काही नाही. गोडवा नकोसा असेल तर पुढच्या वेळी मॅश ६४-६५ अंशांवर दीड तास ठेवावा. चाचणी १.०२२ दाखवते आणि भांडे १.०४०, तर मात्र ती खरोखर अडकली. हे सारे हायड्रोमीटरने पाहावे. रिफ्रॅक्टोमीटर अल्कोहोलमुळे चकतो, आणि धडधाकट चाललेली बीअर अडकली आहे असे सांगून घाबरवतो.

अडकलेलीला सोडवण्याचे उपाय क्रमाने सौम्य ते जालीम. भांडे हळुवार फिरवून तळचे यीस्ट वर आणावे आणि २२-२३ अंशांची ऊब द्यावी. आठवडाभरात हालचाल नसेल तर दीड-दोन लिटरचा नवा स्टार्टर करावा आणि तो फेसाच्या शिखरावर असताना तसाच ओतावा. पाकीट फाडून कोरडे यीस्ट भुरभुरणे व्यर्थ. ८ टक्के अल्कोहोल, साखर कमी, प्राणवायू शून्य, अशा ठिकाणी नुकतेच जागे झालेले यीस्ट डोळे उघडायच्या आत मरते. चालत्या आंबवणीतून उचललेले यीस्टच तिथे तगते. शेवटचा उपाय म्हणजे ग्लुकोअमायलेज विकर किंवा तेच काम करणारे डायस्टॅटिकस यीस्ट. ते डेक्स्ट्रिन, म्हणजे यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळ्या, तोडून पचनीय साखर करतात, पण कुठे थांबायचे ते आपल्या हाती राहत नाही. बीअर चिकट होती ती पाण्यासारखी पातळ होऊ शकते, आणि बाटलीत भरल्यावरही काम चालूच राहिले तर काच फुटते. मी हा उपाय सुचवणार नाही. गोड बीअर एखाद्या कोरड्या बीअरमध्ये मिसळून पिणे त्याहून बरे.

बाटलीत भरताना यीस्टचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. महिना-दोन महिने १० टक्के अल्कोहोलमध्ये राहिलेल्या पेशींकडून वायू तयार होईल ही अपेक्षा बाळगू नये. काही वेळा तीन महिन्यांनीही बाटली सपाट निघते. त्यासाठी भरतेवेळी ताजे यीस्ट द्यावे, २० लिटरला २ ग्रॅम भिजवलेले कोरडे यीस्ट पुरते. साखर लिटरला ५ ग्रॅम, कारण बार्लीवाइनला फार फसफस शोभत नाही. इथे, आणि इथेच, शॅम्पेनचे यीस्ट आपल्या जागी असते. त्याला अल्कोहोल सोसतो, आपण दिलेली साखर ते खाते, आणि बीअरमधल्या माल्टोट्रायोजला तोंड लावत नाही. आधी ज्या उणिवेमुळे ते निरुपयोगी ठरले तीच उणीव बाटलीत सुरक्षितता देते. मात्र बीअर तळरेषेला पोचली आहे याची खात्री झाल्याशिवाय बाटली भरू नये, आणि भरलेल्या बाटल्या पहिला महिना २० अंशांच्या आसपास ठेवाव्यात, लगेच थंडीत नेऊ नयेत.

कडक बीअर मुरवण्याबद्दल मोठ्या आशा बाळगल्या जातात. डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप ब्रुअरीने १९६८ मध्ये काढलेली थॉमस हार्डीज एल पंचवीस वर्षे टिकेल असे सांगून विकली गेली, आणि तिच्या जुन्या बाटल्या लोक अजून जपतात. वर्षभरात हॉप्सचा कडवटपणा मवाळ होतो, शेरीचा, सुक्या अंजिराचा वास चढतो, अल्कोहोलची धार बसते. पण पहिल्या आठवड्यातल्या उष्णतेचे जड अल्कोहोल त्याने जात नाही आणि १.०४५ वर अडकलेला गोडवाही ओसरत नाही. बीअर मुरवायला ठेवण्यापूर्वी एक बाटली उघडून या दोन गोष्टी तपासाव्यात. त्या असतील तर कपाट अडवण्यापेक्षा माल्ट पुन्हा विकत घ्यावा आणि त्याआधी १.०४० ची बिटर लावावी.